मथुरा आणि कुळथाची पिठी

लग्नाचे पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू सुटले, आणि मग घरच्याच माणसांचं म्हणून जे पहिलं जेवण झालं, त्यात मथुरेच्या ताटात कुळथाची पिठी आली. उकड्या तांदळाचा भात, त्यावर ती दाट, तपकिरी, वाफाळती पिठी आणि कडेला चुलीवर भाजलेला पापड. सासू काशीबाई मोठ्या हौसेने वाढत होती. मथुरेने भाताला हात लावला मात्र, पिठीचा वास नाकात गेला. तिने ताट पुढे सरकवलं आणि खाली मान घालून म्हणाली, "माका नको."

सगळे जेवता जेवता थांबले. नवरा सत्यवान तिच्याकडे बघत राहिला.

"पोटात बरा नाय काय गो?" काशीबाईने विचारलं.

"बरा आसा. पण ह्या नको."

काशीबाई उठली. आत गेली, वाटीत ताक घेऊन आली आणि लिंबाच्या लोणच्याची फोड ताटात ठेवली. मथुरेने ताकभात खाल्ला आणि ती उठली. पण शेजारची पद्मावती तेव्हा पडवीत पान लावत बसली होती. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत वाडीभर झालं, "सत्यवानाची बायल बंदरावरची. ताज्या मासळीवर वाढलेली ती. आमची पिठी तेका कशी गोड लागतली?"

मथुरेच्या कानावर हे आलं. तिने खुलासा केला नाही. करायचा तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

ती आचऱ्याची. बाप तुकाराम एका लहान होडीवर एकटाच जायचा. संध्याकाळी जाळं टाकून यायचं आणि पहाटे जाऊन ओढायचं, असा त्याचा शिरस्ता. आई आनंदीबाई ती मासळी टोपलीत घालून बाजारात बसायची. मथुरा एकुलती एक. तुकाराम बोलघेवडा माणूस. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच त्याची हाक माडांपर्यंत पोचायची. ती ऐकून मथुरा धावत सुटायची ती थेट गुडघाभर पाण्यात.

१९९८च्या आश्विनात एका पहाटे तो जाळं ओढायला गेला. पावसाळा सरला असं सगळ्यांनी धरलं होतं. उजाडता उजाडता वारा फिरला, आभाळ खाली आलं, आणि बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. तुकारामाची आली नाही. ती पुढे तोंडवळीच्या वाळूत उलटी सापडली. जाळंही सापडलं, फाटलेलं. माणूस सापडला नाही.

गावाने आठवडाभर किनारा पालथा घातला. मग तुकारामाचा भाऊ महादू भीत भीत वहिनीपुढे येऊन बसला.

"वयनी, आता क्रिया करूक व्हयी."

"कोणाची?" आनंदीबाई म्हणाली. "जित्या माणसाची? ते येतले. ते इल्याशिवाय ह्या घरात मासो शिजूचो नाय, इतक्याच मी सांगतंय."

आणि ती बोलली तशी वागली. शेजारपाजारचे लोक मासे आणून द्यायचे, ती ते तसेच परत पाठवायची. घरात कुळथाचं पोतं होतं. सुक्या मासळीच्या बदल्यात घाटावरून आलेलं. त्यातले कुळीथ ती भाजायची, दळायची आणि पिठी करायची. सकाळी पिठी, रात्री पिठी. भाजताना तिचं लक्ष दाराबाहेर, त्यामुळे कुळीथ करपायचे. कधी मीठ विसरायची, कधी दोनदा घालायची. टोपात डाव फिरवता फिरवता मधेच थांबायची आणि कान द्यायची. मायलेकी ताटं घेऊन बसायच्या. तिसरं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ती करपट पिठी मथुरेच्या घशात अडकायची, कारण प्रत्येक घासाला बाहेरून हाक येईल असं वाटायचं आणि ती यायची नाही. पुढे आनंदीबाई पुन्हा बाजारात बसायला लागली, दुसऱ्यांच्या होड्यांची मासळी विकायला लागली, पण घरच्या चुलीवर मासा चढला नाही. मथुरा दुपारी महादूकाकाकडे जेवायची आणि रात्री कोरडी भाकरी कांद्याशी खायची. पिठीचा वास आला की ती उठून दारापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहायची.

सत्यवान तिला भेटला तो याच दिवसांत. तो टेम्पो चालवायचा. मालवणहून बर्फाच्या लाद्या आणून आचऱ्याच्या बंदरावर उतरवायचा. त्याचं घर खारेपाटणच्या पुढे, नदीच्या अंगाला एका वाडीत. शेतकऱ्याचं घर. आईला मदत करायला आलेली ही मुलगी कोणाशी फार बोलत नाही आणि समुद्राकडे बघत राहते, हे त्याने पाहिलं. काही महिन्यांनी त्याने सरळ महादूकाकालाच विचारलं. शेतकऱ्याच्या घरात बंदरावरची मुलगी, म्हणून दोन्हीकडे कुजबुज झाली. काशीबाईने मात्र एवढंच विचारलं होतं, "झिलाक पसंत आसा मां? मगे झाला."

कन्यादान महादूने केलं. आनंदीबाईने भटजींना बजावून सांगितलं होतं, बापाच्या वतीने काका करतोय असंच म्हणा, कारण बाप आहे. लग्न आचऱ्यालाच झालं. मुलीला पोचवायला मात्र ती सासरी आली नाही. घराला कुलूप लावून ती एक रात्रही बाहेर राहायची नाही. "ते इले आणि दार बंद दिसला तर?" असं म्हणायची.

तर अशी मथुरा त्या वाडीत आली. तिला पहिले काही महिने झोप लागेना. घर डोंगराच्या पायथ्याशी. रात्री रातकिडे आणि लांबून मुंबई-गोवा रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज. जन्मापासून जो घोष कानात होता, तो नव्हता. लाटांचा आवाज ऐकू येतो हे तिला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तो बंद पडल्यावर कळलं. ती सत्यवानाला म्हणायची, "हयसर सगळा कसा थांबल्यासारख्या वाटता." सत्यवानाला त्यातलं काही समजायचं नाही, पण तो ऐकून घ्यायचा.

वाडीखालच्या नदीला भरतीचं पाणी चढतं, हे तिला पद्मावतीकडून कळलं. त्या दिवसापासून संध्याकाळी घागर घेऊन विहिरीवर जायच्या निमित्ताने ती नदीपर्यंत उतरायची. पाणी उलटं, डोंगराकडे वाहताना दिसलं की बसून राहायची. ओंजळीत घेऊन जिभेला लावायची. खारटपणा अगदी पुसट. असून नसल्यासारखा. तेवढ्यासाठी ती रोज जायची.

सत्यवान आठवड्यातून एकदा बंदरावरून मासे आणायचा, बर्फात घातलेले. मथुरा मागीलदारी बसून ते साफ करायची, त्याचं तिखलं करायची, आणि जेवण झाल्यावर किती तरी वेळ हात साबणाने धुवायची नाही. हाताला आचऱ्याचा वास असायचा.

बाकीचे दिवस मात्र कुळीथच. काशीबाईचं घर पिठीवर चालायचं. भात कापून झाला की ओल्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, ती स्वतः कुळीथ पेरायची आणि वर्षभर तेच पुरवायची. सुनेला पिठी नको, हे तिने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. तिच्यासाठी ती रोज न विसरता वेगळं काहीतरी ठेवायची. कधी ताक, कधी कच्च्या केळ्याची भाजी, कधी एखादं अंडं. पण मनात तिला टोचत होतंच.

माघात कुळीथ उपटायला आले. कुळीथ उपटायचे ते दव असताना. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. सासू-सुना कुणग्यात वाकून उपटत होत्या. पदर दवाने ओले झाले होते. अर्धा कुणगा उपटून झाला. मग काशीबाई मान न वळवता म्हणाली,

"मथुरा, एक विचारू गो? माझ्या हातचा तुका आवडना नाय काय?"

"तसा नाय, आई."

"मगे पिठीचा काय वावडा तुका? लोका काय बोलतत ता सोड. माका सांग."

मथुरा उभी राहिली. हातात उपटलेलं झाड तसंच. आणि तिने सांगितलं. वारा कसा फिरला, होडी कुठे सापडली, झाकलेलं ताट, करपलेल्या कुळथाचा वास. हे तिने सत्यवानालाही असं एका दमात कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ती रडली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "तो वास इलो काय माका वाटता, आता भायरसून हाक येतली. आणि येना नाय."

काशीबाईचे हात थांबले होते. "बापूस गावलोच नाय?"

"नाय."

"आणि आवस?"

"ती अजून वाट बघता."

काशीबाईने मुळांची माती झटकली, झाड ढिगावर ठेवलं आणि पुन्हा वाकली. "हात उचल बाय. ऊन वर येता," एवढंच म्हणाली. मथुरेला वाटलं, झालं, ऐकलं आणि सोडून दिलं.

कुळीथ घरात आले, खळ्यात बडवून झाले, पाखडून झाले. पण त्या दिवसानंतर काशीबाईने पिठी केली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, म्हणता म्हणता होळी आली तरी नाही. कधी नुसतं सोलांचं म्हणजे आमसुलांचं सार, कधी डाळ, कधी चवळी. सत्यवानाने एकदा विचारलं, तर काशीबाई म्हणाली, "कंटाळो इलो रे. किती वर्सां तीच ती खातलंय?" मथुरेला ते खरं वाटलं. आपलं बोलणं आणि हे, यांचा मेळ तिने घातला नाही.

एक दिवस दुपारी ती सूप मागायला पद्मावतीकडे गेली. पुढच्या दाराला कोणी नव्हतं म्हणून मागीलदारी वळली, तर उंबऱ्यावर काशीबाई बसलेली. मांडीवर ताट. ताटात पिठी-भात. गूळ चोरून खाताना मूल सापडावं तशी ती दचकली आणि ताटावर पदर ओढायला गेली. पदर पिठीत पडला.

पद्मावती खो खो हसायला लागली. "बघ गो मथुरा, तुझी सासू! दोन दिवसांआड येता नी बसता. म्हणता, घरात वास जाव नये. माका पयल्यांदा कळाचच नाय, कित्याक म्हणान." मग हसणं आवरून ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "मगे तिनाच सांगल्यान. माका म्हायत नव्हता, बाय. मी काय काय बोललंय तुका."

काशीबाई ओशाळून म्हणाली, "जिभेक ल्हानपणाची सवय गो. जायना नाय. आणि तुका त्या वासान तरास होता, म्हणान..."

मथुरा तिथे उभी राहू शकली नाही. सूप न घेताच घरी आली. एवढी म्हातारी बाई, स्वतःचं घर, स्वतःची चूल, आपण पेरलेले आणि आपण उपटलेले कुळीथ. आणि ती दुसऱ्याच्या मागच्या दारी बसून चोरून जेवते. कोणासाठी? मथुरेने माळ्यावर चढून पिठाचा डबा शोधला. काशीबाईने तो पार आत, जुन्या टोपल्यांच्या मागे सारला होता.

त्या संध्याकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा पिठी केली. बघून बघून सगळं माहीत होतं. तेलात लसूण ठेचून टाकली, कांदा टाकला, मिरची टाकली. पाण्यात कालवलेलं पीठ ओतलं, सोलं टाकली आणि गुठळी होऊ नये म्हणून डाव फिरवत राहिली. तोंडाला पदर लावून, शक्य तितका श्वास धरून. काशीबाई नदीवरून कपडे धुऊन आली ती दारातच थांबली. वास तिला खळ्यातच लागला असणार. ती वळून मागीलदारी गेली. पाय धुतले आणि पाटावर बसली.

पहिला घास घेतल्यावर ती जराशी थबकली. मग म्हणाली, "बरी झाली," आणि लोणच्याची फोड चाटत चाटत जेवायला लागली. सत्यवानाने मात्र घास घेतला आणि म्हणाला, "अगो, ह्येच्यात मीठच नाय!"

"गप रे," काशीबाई म्हणाली. "जेव गुमान."

मथुरेने आधी दोघांकडे बघितलं आणि मग तिला हसू फुटलं. काशीबाईलाही आवरेना. तिघंही हसली. त्या घरात ती तिघं एकत्र अशी त्याआधी कधी हसली नव्हती.

दुसऱ्या खेपेला तिने ठरवलं, चाखायचंच. डावातला एक थेंब तळहातावर घेतला, फुंकला, डोळे मिटले आणि जिभेला लावला. मीठ कमी होतं. टाकलं, पुन्हा ढवळलं, पुन्हा थेंब घेतला. या वेळी आधी लसूण लागली, मग सोलांचा आंबटपणा, आणि सगळ्यांच्या मागून कुळथाचा तो खरपूस, मातकट स्वाद आला. करपट नव्हता. कडूही नव्हता. ती डाव हातात धरून उभीच राहिली. आचऱ्याच्या घरात आपण जे खात होतो त्याला ही चवच नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. आई त्या दिवसांत चाखतच नव्हती. शिजवायची, वाढायची, पण जीभ लावायची नाही. तिचा जीव दाराबाहेर असायचा.

म्हणून काही पिठी तिला लगेच आवडायला लागली असं नाही. बरेच दिवस ते तळहातावरच्या थेंबापाशीच राहिलं. मग कधीतरी तिने भाताच्या कडेला चमचाभर घेतली. मुलीच्या, रियाच्या वेळी दिवस गेले तेव्हा तर तिला मासळीचाही वास सोसेना. स्वतःचंच नवल करीत ती महिनोन् महिने पेज आणि लोणच्यावर राहिली. रिया जन्माला आली, रांगायला लागली. त्यानंतरच्या श्रावणात एका दुपारी, पाऊस धरलेला, सत्यवान पुराच्या पाण्यामुळे खारेपाटणला अडकलेला, अशा वेळी मथुरा आणि काशीबाई चुलीपाशीच ताटं घेऊन बसल्या. पिठी कढत होती. मथुरेने भात कालवला, जेवली, आणि बोलता बोलता टोपाकडे हात नेऊन पुन्हा वाढून घेतली. काशीबाईने पाहिलं. तिने चुलीतला भाजलेला पापड उचलला, अर्धा मोडला आणि सुनेच्या ताटात टाकला.

त्यानंतर तिला पिठीची तलफच लागायला लागली. कुळीथ नेमके किती भाजायचे ते ती दाण्याच्या आवाजावरून ओळखायला शिकली. जात्यावर बसली की काशीबाई समोरून खुंट्याला हात लावायची. दोघींच्या गप्पा जात्याच्या घरघरीत बुडायच्या. त्या घरघरीत मथुरेला कधी कधी डुलकी लागायची. लाटांच्या आवाजाने लागायची तशी.

आचऱ्याला ती जमेल तेव्हा जायची. एकदा अशीच गेली असताना आनंदीबाईने तिच्यासाठी शेजारून कालवण मागून आणलं आणि स्वतःपुढे पिठीचं भांडं ओढलं. मथुरा म्हणाली, "आये, माकाय तीच वाढ."

"तू खातंस?" आनंदीबाई चकित झाली. "तुका तर वास सोसना नव्हतो."

"आता खातंय."

तिने घास घेतला. तीच करपट चव, तेच कमी मीठ. इतक्या वर्षांत काही बदललं नव्हतं. दाराकडे तोंड करून बसलेली आई, तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू, आणि शेजारी झाकलेलं ताट. मथुरेने सगळा भात संपवला. त्या दिवशी तिला काशीबाईच्या चुलीपाशी जाऊन बसावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं. समोर समुद्र गाजत होता. ज्याच्यासाठी ती वाडीत तळमळायची तो समुद्र. आणि तिचं मन डोंगराच्या पायथ्याशी.

काशीबाई गेली २००७च्या पौषात. फार आजारी पडली नाही. थंडीताप झाला, दोन-चार दिवस अंथरुणाला खिळली आणि गेली. कुळीथ अजून शेतात उभे होते. सत्यवानाने आचऱ्याला फोन केला तो महादूकाकाच्या घरी. आनंदीबाई येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी ती महादूबरोबर एसटीतून उतरली. घराची किल्ली तिने शेजारणीकडे दिली होती. वाडी ती पहिल्यांदाच बघत होती. मुलीचं घर, मुलीचा गोठा, मुलीचा माड. खळ्यात उभी राहून ती म्हणाली, "विहीणबायेन किती येळा बोलवणा धाडल्यान. मी इलंय ती आता."

सुतकाचं घर. त्यात फोडणीही नसते, पण पाणी उकळून पीठ कालवून, मीठ-सोलं घालून साधी पिठी करता येते. मथुरेने ती केली. तळहातावर थेंब घेऊन चाखली आणि आईला वाढली. आनंदीबाईने घास घेतला, थांबली, आणखी एक घेतला.

"ह्येच्यात काय घातलंस गो?"

"काय नाय. मीठ."

"मीठ मी घालनंय नाय काय?"

"घालतंस, आये. चाखून बघनंस नाय."

आनंदीबाईने ताट जवळ ओढलं. मग जेवायला लागली. जेवता जेवता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही आणि जेवण थांबवलंही नाही. मथुरेने तिला पुन्हा वाढलं. ती नको म्हणाली नाही.

सुतक फिटेपर्यंत ती राहिली. मायलेकींनीच ते कुळीथ उपटले. आनंदीबाईला कमरेत वाकायची सवय नव्हती, ती मध्ये मध्ये बांधावर बसायची. मथुरेला सारखं वाटत होतं, पुढच्या ओळीत काशीबाई आहे, आता म्हणेल हात उचल. उपटलेल्या झाडाची माती झटकताना तिचा बांध फुटला आणि ती कुणग्यातच बसून रडली. बापासाठी ती कधी असं रडली नव्हती. तिथे रडायला मुभाच नव्हती. बाप येणार होता. इथे निदान माणूस गेलं होतं, डोळ्यांसमोर.

त्या वर्षापासून आनंदीबाई दर माघात चार दिवस यायला लागली. येताना सुक्या बांगड्यांची पिशवी आणायची. सत्यवानाने एव्हाना बर्फाची गाडी सोडली होती. खारेपाटणातच रिक्षा धरली होती, शाळेच्या मुलांची. त्यामुळे बंदरावरचे ताजे मासे घरात यायचे बंद झाले, आणि आचऱ्याचा वास यायचा तो या पिशवीतूनच. मथुरा तिशीकडे झुकत होती. चूल, शेत, जातं, सगळं आता तिच्या एकटीच्या अंगावर. पिठी कढायला लागली की ती अजूनही मागच्या दाराकडे बघायची. पाय धुवायचा आवाज येईल म्हणून.

२०१०च्या माघातली गोष्ट. कुळीथ खळ्यात पसरले होते. जेवणं झाली होती. मायलेकी पडवीत बसून शेंगा निवडत होत्या. ऊन छान पडलं होतं, कुणग्यांवर बगळे उतरले होते. आनंदीबाई बराच वेळ तिकडे बघत होती. मग सहज बोलावं तशी म्हणाली,

"तुझ्या बापाशीक शेताचा भारी याड होता. देवळाकडसून जाताना कोणाच्यापण वाफ्यात उतरान बघीत ऱ्हवायचे. म्हणायचे, म्हातारपणी होडी इकतंय नी भात करतंय."

मथुरेचा हात शेंगेवरच थांबला. होता. म्हणायचे. इतक्या वर्षांत आईच्या तोंडून बापाविषयी 'येतले'शिवाय दुसरं काही निघालं नव्हतं. ती आईकडे वळून बघायलाही धजेना. बघितलं तर ती गप्प होईल असं वाटलं. शेंग सोलत, खाली बघतच तिने विचारलं,

"आणि काय म्हणायचे?"

"आणि काय... किती म्हणायचे! तोंड खंय बंद असायचा तेंचा?" आनंदीबाई हसली. आणि मग सांगायला लागली. लग्नाआधी तुकाराम तिच्या घराजवळून मुद्दाम गाणं म्हणत कसा जायचा. पहिली होडी घेतली तेव्हा तिच्यात रात्रभर कसा झोपला. मथुरा झाली तेव्हा पहिल्यांदा हातात घ्यायला कसा घाबरला, माशाचे हात म्हणून तीनदा धुऊन आला. मथुरेने यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या मनात बाप त्या हाकेपुरताच उरला होता. हा माणूस नवा होता, तरुण होता, आणि तिला तो आत्ता, या क्षणी, समोर हवा होता.

उन्हं कलली. सत्यवानाची रिक्षा खाली रस्त्यावर थांबली आणि रिया दप्तर घेऊन वर आली. चुलीवर चहाचं आधण नव्हतं, अंगणातले कुळीथ गोळा केले नव्हते. तिने आईला हाक मारली. मथुरेने नुसतंच हाताने तिला जवळ बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं. आनंदीबाई सांगत होती.